रिकामं आणि नसलेलं

<घर>
<माणूस>ऑरिन</माणूस>
<माणूस>व्हर्ना</माणूस>
<पडदा></पडदा>
<पाळीव></पाळीव>
<संध्याकाळ></संध्याकाळ>
</घर>

हे घर व्हर्ना काल्लिओने फार वर्षांपूर्वी एका शुक्रवारी दुपारी लिहिलं, एका हातात सँडविच धरून. तिला एक नमुना हवा होता, तिने लिहिलेल्या तपासनीस प्रोग्रामने बिनदिक्कत 'वैध' म्हणावं असा. मनातलं घर रचायचं तर डोकं चालवावं लागतं, म्हणून तिने स्वतःचंच घेतलं. माणसं दोन लिहिली. पुढची नावं नुसती उघडली आणि मिटली. आत काय घालायचं ते नंतर बघू म्हणून राहिलं, ते राहिलंच.

एक्सएमएल या संगणकी लिखाणाची रीतच ही. गोष्टीचं नाव उघडायचं, आत काय असेल ते लिहायचं, नाव मिटायचं. कशाच्या आत काय चालेल आणि किती चालेल, हे वेगळं लिहिलेलं असतं; त्याला आराखडा म्हणायचे. व्हर्नाचा तपासनीस लिखाण आणि आराखडा शेजारी ठेवून वाचायचा आणि निकाल द्यायचा. घराच्या आराखड्यात तिने माणसं दोनच मंजूर केली होती. हा तपासनीस एका प्रोग्रामिंग भाषेच्या स्टँडर्ड लायब्ररीत होता, म्हणजे भाषा घेणाऱ्याला तो न मागता हातात पडायचा. इस्पितळांचे, बंदरांचे, विम्याचे कागद जगभर त्याच्या नजरेखालून जात, आणि व्हर्ना काल्लिओ हे नाव कुणाच्या कानावरही नव्हतं. तिची तक्रार नव्हती. डुलुथमध्ये कालव्याजवळच्या त्या विटांच्या जुन्या गोदामात, वरच्या मजल्यावर बसणाऱ्या मूठभर लोकांना ते माहीत होतं. तेवढं तिला पुरायचं.

त्या लोकांचा मुख्य गस पेल्टिअर. मूळचा थंडर बेचा, सारखा सीमा ओलांडून आईकडे जाणारा. तो व्हर्नाला कस्टमवाली म्हणायचा. "पुलाखालून जहाज जाईल, पण हिच्या हाताखालून स्वल्पविराम जायचा नाही," असं नव्या माणसाला सांगायचा, आणि व्हर्ना तोंड वाकडं करून मनातल्या मनात खूश व्हायची.

हिवाळ्याच्या तोंडावर टॅमसिन रोर्क आली.

<नवी></नवी>

आली ती एका बॅगेनिशी. पार्क पॉइंटला, मासे धरायचं सामान विकणाऱ्या दुकानावर तिने खोली घेतली. वय व्हर्नापेक्षा बरंच कमी, आवाज मऊ, कामाचा उरक असा की बाकीचे कॉफी ओतून घेईपर्यंत हिचं आटोपलेलं. पहिल्याच आठवड्यात तिने पुल्ला करून आणला. पुल्ला म्हणजे वेलचीचा, वेणी घातलेला पाव, व्हर्नाच्या फिनिश माहेरचा. टॅमसिनचा फिनलंडशी काडीचा संबंध नव्हता. तिने तो पुस्तकातही न बघता केला होता आणि उत्तम केला होता.

"वाईट वाटून घेऊ नकोस, कस्टमवाली," गस तोंडात घास असतानाच म्हणाला, "पण तुझी वेणी जरा कोरडी असते."

सगळे हसले. व्हर्नाही हसली. हातातला उरलेला तुकडा तिने कागदात गुंडाळून बाजूला ठेवला.

तिथे कुणाचंही काम दुसऱ्याने वाचल्याशिवाय पुढे जात नसे. वाचणाऱ्याने सगळं पाहायचं आणि खाली 'ठीक वाटतंय' असं लिहायचं. बाकीचे एकमेकांना हे दोन शब्द चहाच्या घोटागणिक देत. व्हर्नाने ते आजवर कुणाला पहिल्या वाचनात दिले नव्हते. टॅमसिनचं पहिलं काम तिने ताटातला केस शोधावा तसं अख्खी सकाळ धुंडाळलं. काही सापडलं नाही. शेवटी तिने एक रिकामी ओळ खाली सरकवायला सांगितली. टॅमसिनने सरकवली आणि मनापासून आभार मानले. ते आभारच व्हर्नाला जास्त झोंबले.

मग गसने टॅमसिनला भरणीचं काम दिलं.

भरणीला व्हर्नाने वर्षानुवर्षं नकार दिला होता. आराखड्याच्या नियमात ती सोय आहे खरी: एखादी जागा लिखाणात रिकामी सोडलेली असेल तर आराखड्यात ठरलेला मजकूर तपासनिसाने तिथे भरावा. जागाच नसेल तर हात लावू नये. रिकामं असणं आणि नसणं या त्या नियमात दोन निराळ्या गोष्टी. व्हर्नाचं म्हणणं असं, की तपासनिसाने बघावं, बोट लावू नये. गस तिला म्हणाला की लोक मागताहेत, आणि तुला कंटाळा असेल तर टॅमसिन हौसेने करतेय. हौसेने, हा शब्द तो दोनदा बोलला.

टॅमसिनने ते सुट्ट्यांच्या आधी पुरं केलं. चाचणीला व्हर्नाचंच जुनं घर घेतलं, कारण रिकाम्या जागा त्यातच होत्या; भरायचे शब्द आराखड्यात तिने स्वतःचे घातले. घर आत गेलं आणि असं बाहेर आलं:

<पडदा>हिरवा</पडदा>
<पाळीव>कुत्रा</पाळीव>
<संध्याकाळ>क्रिबेज</संध्याकाळ>

"आमच्याकडे कुत्रा नाही," व्हर्ना म्हणाली.

"आता आहे," टॅमसिन म्हणाली, आणि पुन्हा सगळे हसले.

<पडदा>हिरवा</पडदा>

घर टेकडीवर होतं, चेस्टर क्रीकच्या वरच्या अंगाला. तिचा नवरा ऑरिन बंदरावरच्या धान्याच्या कोठारात कामाला; थंडीत जहाजं बंद झाली की तो तिच्या आधी घरी यायचा. त्या दिवशी तो सूप ढवळत होता. भांडी घासायच्या जागी वर, जिथे आजवर नुसती काच होती, तिथे हिरवा पडदा होता.

कधी आणलास, तिने विचारलं. तो म्हणाला, काय कधी? पडदा. त्याने पडद्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. तो कायमचाच आहे की, म्हणाला.

व्हर्नाने जवळ जाऊन पडद्याची कड उलटली. उन्हाच्या बाजूने हिरवा रंग उडून गवतासारखा पिवळट झाला होता. तळणाचा वास आत मुरलेला होता, अनेक हिवाळ्यांचा. खालच्या कोपऱ्यात एक जळका डाग होता, आणि तो कुणीतरी नीट रफू केला होता. व्हर्नाला रफू येत नव्हतं.

काम फार झालंय, असं तिने स्वतःला सांगितलं. माणूस विसरतं.

कुत्रा दुसऱ्या दिवशी होता. पिल्लू नव्हे, तोंडाशी पांढरा झालेला, मागचा पाय ओढत चालणारा म्हातारा कुत्रा. तो ऑरिनच्या पायावर हनुवटी टेकवून झोपला होता. मागच्या दाराच्या चौकटीला खाली नखांचे ओरखडे होते. ती चौकट व्हर्नाने स्वतः रंगवली होती, घर घेतलं त्या उन्हाळ्यात. तिने बोट फिरवलं. ओरखडे रंगाच्या खाली होते.

जेवण झाल्यावर ऑरिनने कपाटातून क्रिबेज या पत्त्यांच्या खेळाची फळी काढली, खुंट्या सरकवून गुण मोजायची. वापरून तिची भोकं मोठी झाली होती. त्याने दोघांचे पत्ते वाटले आणि वाट पाहत बसला.

व्हर्नाला क्रिबेज येत नव्हतं. ती तसं म्हणाली. ऑरिनच्या चेहऱ्यावर जे आलं ते आश्चर्य नव्हतं. आपल्या माणसाने ओळख दिली नाही की होतं तसं काहीतरी होतं. मग तो दोन्ही हात स्वतःच खेळला.

<बोलणं></बोलणं>

भीती वाटायला हवी होती. व्हर्ना हिशोबी बाई. असल्या गोष्टीची भीती वाटणं हेच शहाणपणाचं, हे तिलाही कळत होतं. पण गाडी उतारावरून कालव्याकडे नेताना तिच्या छातीत होतं ते वेगळं होतं. ऑरिन शिट्टी वाजवायला लागला होता. कुत्र्याला घेऊन तो गोठलेल्या सरोवराच्या काठाने लांब जाऊन यायचा आणि गाल लाल करून परतायचा. संध्याकाळी तो कुणाची तरी वाट बघत असल्यासारखा फळी मांडायचा. इतक्या वर्षांत तिने ज्या जागा नंतर बघू म्हणून सोडल्या, त्या एका परक्या बाईने बसल्या बसल्या भरल्या होत्या, आणि त्या त्याला आवडल्या होत्या. एवढंच तिला दिसत होतं. जळून जळून तिचा कोळसा व्हायचा बाकी होता.

तिने एक करून पाहिलं. लिखाणातल्या जुन्या घरात पडद्याच्या जागी स्वतःच्या हाताने 'पांढरा' लिहिलं. भरलेल्या जागेला भरणी शिवत नाही. घरी गेली तर पडदा पांढरा होता, नवाकोरा, घडीच्या रेघांसकट. ऑरिन कॉफीचा मग घेऊन त्याच्यापुढे उभा होता. काय झालं, तिने विचारलं. माहीत नाही, तो म्हणाला, इथे काहीतरी होतं असं वाटतं. त्या आठवड्यात तो फिरायला गेला नाही, आणि शिट्टीही ऐकू आली नाही.

व्हर्नाने 'पांढरा' पुसून टाकलं. पुसताना तिला रडू आलं, आणि ते टॅमसिनवरच्या रागाने आलं.

<विचारणं>

जेवणाच्या सुट्टीत ती टॅमसिनला मागच्या खिडकीशी गाठून उभी राहिली. खाली कालव्यात बर्फाचे तुकडे एकमेकांवर घासत होते.

"हिरवा पडदा कुठून काढलास?"

"कुठून म्हणजे? मनात आलं."

"आणि कुत्रा? क्रिबेज?"

टॅमसिनने डब्याचं झाकण लावलं, पुन्हा काढलं. आपण लहानपणी लोकांच्या घरी वाढलो, असं तिने सांगितलं. एका घरातून दुसऱ्या घरात, सरकार पाठवेल तिकडे. झोप यायची नाही तेव्हा ती मनात एक घर रचायची. रोज थोडं थोडं. पडद्याला एक डाग पडला होता तोसुद्धा तिने रचला होता, आणि मग तो शिवला होता.

तो डाग व्हर्नाने घरी पाहिला होता. तिने तो जुमानला नाही.

"आणि राहतं कोण त्या घरात?"

टॅमसिन कानापर्यंत लाल झाली. "माणसाच्या जागेची भरणी आजच पाठवतेय," ती म्हणाली. "तूच वाचशील ना? फक्त हसू नकोस हं."

</विचारणं>

व्हर्ना हसली नाही. जागेवर येऊन बसेपर्यंत तिचं सगळं ठरलं होतं. लाल व्हायला काय झालं होतं, हे न कळण्याएवढी ती खुळी नव्हती. घर रचलं, पडदा लावला, नवऱ्याला शिट्टी वाजवायला शिकवलं. आता आत शिरायचं तेवढं बाकी होतं. माणसाच्या रिकाम्या जागी भरायला बाईसाहेबांनी कुणाचं नाव ठेवलं असेल, हे काय सांगायला हवं? तेच नाव तपासनिसाच्या तोंडून वदवून घ्यायचं आणि गसच्या टेबलावर टाकायचं. बघ तुझी हौस.

टॅमसिनचं काम आलं. व्हर्नाने ते उघडलं नाही. वाचायची गरजच काय, तिला माहीत होतं. आयुष्यात पहिल्यांदा तिने न वाचता खाली लिहिलं: ठीक वाटतंय.

मग जुनं घर उघडलं आणि सापळा लावला. दुसऱ्या माणसाच्या जागेतून स्वतःचं नाव पुसलं. नाव उघडलेलं, नाव मिटलेलं, मध्ये काही नाही.

<माणूस></माणूस>

आणि तपासनिसाला बोलावलं.

वैध.

<माणूस>ऑरिन</माणूस>
<माणूस>व्हर्ना</माणूस>

तिने काच पुसावी तशी स्क्रीन बाहीने पुसली. नाव तेच होतं.

आता मात्र तिने टॅमसिनचं काम उघडलं. भरणीच्या ओळीवर टॅमसिनने एक टीप लिहिली होती, तपासनीस वाचत नाही अशी, फक्त माणसांसाठी: 'रचलेल्या घराचं दार उघडणारी बाई कायम अशीच दिसायची. इथे आल्यावर पहिल्याच दिवशी ओळखलं. फरक एवढाच की ती हसायची.'

व्हर्नाने ती टीप पुन्हा वाचली. कुणीतरी आपल्याला इतकं धरून होतं, आणि आपण ताटातले केस शोधत होतो. तिला लाज वाटली, आणि लाजेच्या खाली थोडं सुखही. उठून टॅमसिनकडे जावं, काहीतरी बोलावं.

आधी मात्र आपलं नाव आपल्या हाताने परत लिहावं, असं तिला वाटलं. ते भरलेलं नाव तिने पुसलं. टाइप करायच्या आत जागा पुन्हा भरली. पुन्हा पुसलं. पुन्हा भरली.

तिने खाली नवी ओळ उघडली आणि तिथे लिहिलं.

<माणूस>व्हर्ना</माणूस>

अवैध. 'माणूस': या जागी आणखी कोणी अपेक्षित नाही.

हे वाक्य तिनेच लिहिलं होतं. फार वर्षांपूर्वी, तपासनिसाच्या तोंडी घालायला. त्या वेळी ते तिला स्पष्ट आणि सभ्य वाटलं होतं.

तिने ओळ काढली.

वैध.

गस कॉफीचा मग घेऊन आला आणि तिच्या टेबलाच्या कडेला टेकून टॅमसिनला म्हणाला, "कस्टमवाली कुठाय?"

"मघाशीच गेली घरी. शिट्टी वाजवत."

"ती? शिट्टी?"

"अरे खरंच. आणि मला काय म्हणाली ठाऊक आहे? पुल्ला जमलाय, म्हणाली."

व्हर्ना दोघांच्या मध्ये बसली होती. गस म्हणाला, मग ही आज आजारी असणार. टॅमसिन हसत होती. तिची नजर खुर्चीवरून फिरली, खुर्चीवर काही नसलं की फिरते तशी.

"गस," व्हर्ना म्हणाली.

त्याने तिच्या टेबलावर मग ठेवला, तिच्या मनगटाला चिकटून, आणि विसरून निघून गेला.

खुंटीवर तिचा कोट नव्हता. गाडी खाली नव्हती.

ती चढावरून पायी गेली. सरोवरावरून वारा येत होता, आणि अंगात नुसता स्वेटर होता. थंडी वाजत नव्हती.

उजेड अजून होता. गाडी दारात होती. हिरवा पडदा अर्धा सरकवलेला होता आणि मागे टेबलावर दोन डोकी फळीवर वाकलेली दिसत होती. त्यातल्या एकाने पत्ता टाकला. दुसरं मान मागे टाकून हसलं.

हसताना आपण कशा दिसतो, हे व्हर्नाने कधी पाहिलं नव्हतं. चांगल्या दिसत होतो. ऑरिन त्या बाईकडे बघत होता. असं तो कुणाकडे बघू शकतो, हेही तिने कधी पाहिलं नव्हतं.

आणि काचेबाहेर उभ्या असलेल्या तिच्या पोटात तेच जुनं पेटलं. आता तर ते कुणावर काढायचं, हेही समजेना.

ती पायऱ्यांवर गेली. दाराच्या मुठीकडे हात नेला.

मूठ आतून फिरली.

ऑरिन बर्फ वितळवायच्या मिठाची बादली घेऊन बाहेर आला. पायऱ्यांवर काचेसारखा बर्फ धरला होता. तो वरपासून मीठ भुरभुरत खाली यायला लागला. व्हर्ना एक पायरी मागे सरली, मग मधल्या पायरीवर थांबली.

"ऑरिन."

त्याचा हात थांबला. लांब कुठेतरी बर्फ तडकल्यासारखी त्याने मान कलती करून चाहूल घेतली.

"कोण आहे रे?" आतून तिचाच आवाज आला, हसू अजून न ओसरलेला.

"कोणी नाही गं," तो म्हणाला. "आलोच."

त्याने डावीकडे मीठ टाकलं. उजवीकडे टाकलं. मधली दोन पावलांएवढी जागा त्याने नीट सोडली, दगडी कुंडीभोवती सोडतात तशी, आणि तिला वळसा घालून खालपर्यंत जाऊन आला. दार लागलं. थोड्या वेळाने पायऱ्यांवरचा बर्फ बारीक आवाज करत तडकायला लागला, सगळीकडे. तिच्या पायांखालचा तेवढा घट्ट राहिला.